खुर्चीतून लाट दिसली पाहिजे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पेलिकन रीच गावाचे नगराध्यक्ष माननीय वेंडेल गथ्री, व्यासपीठावर बसलेले नगरपरिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य, ज्यांनी आपला बंब पावसात बाहेर उभा करून हा हॉल आपल्याला दिला ते स्वयंसेवी अग्निशमन दलाचे प्रमुख आणि त्यांचे जवान, चर्चच्या महिला मंडळाच्या भगिनी, आजच्या सत्कारमूर्ती मिस आयडेल फुल्चर, आणि समोर बसलेल्या माझ्या शेजाऱ्यांनो,

ही नावं मी काल लिहून काढली, आज सकाळी आईला वाचून दाखवली आणि इथे येताना गाडीत पुन्हा म्हटली. तरीही कुणी राहून गेलं असेल तर त्यांनी जेवणाच्या रांगेत मला गाठावं, मी त्यांचं नाव तिथे मोठ्यानं घेईन.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नगराध्यक्षांना विचारलं, "साहेब, माझ्यापेक्षा मोठी माणसं आहेत की, मी कशाला?" ते म्हणाले, "मोठी माणसं बोलायला लागली की जेवण गार होतं. तू भित्री आहेस, लवकर आटपशील." त्यांचा हा विश्वास सार्थ ठरवण्याचा मी प्रयत्न करीन, पण खात्री देत नाही.

मिस आयडेल आज नगरपरिषदेच्या चिटणीसपदावरून निवृत्त होत आहेत. त्यांनी गावासाठी काय काय केलं याची यादी मानपत्रात आहे आणि मानपत्र नगराध्यक्ष वाचणार आहेत. मी फक्त त्यांच्याबरोबर घरोघर हिंडले त्या हिवाळ्याबद्दल बोलणार आहे, कारण तेवढंच मी स्वतः पाहिलं आहे.

आपला किनारा समुद्रानं किती खाल्ला होता हे या हॉलमध्ये कुणाला सांगायला नको. भरतीला पाणी पायऱ्यांखाली यायचं आणि वादळात रस्त्यावर. सरकारनं वाळू द्यायचं कबूल केलं, वाळू उपसणारं जहाजही ठरलं. अट एकच होती. समुद्राकडच्या प्रत्येक घरमालकानं आपल्या जागेवर गावाला वाळूचा बांध घालू देण्याची आणि तो राखू देण्याची लेखी संमती द्यायची. जमीन मालकाचीच राहणार, त्यावर हक्काची वाट तेवढी गावाची. कायद्यात त्याला सुविधाधिकार म्हणतात. आम्ही आपलं 'सही' म्हणायचो. एका जरी घराची सही राहिली तरी काम नाही. ते बरोबरही होतं, कारण बांधात एका घराएवढी फट राहिली तर समुद्र काय बाकीची घरं मोजत बसणार आहे? तो फटीतूनच येणार. आणि कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येण्याआधी जहाजाला काम संपवून जायचं होतं. म्हणजे वाट बघायलाही सवड नव्हती.

या कामावर मिस आयडेलनी मदतनीस म्हणून मला घेतलं. का घेतलं हे मला अजून कळलेलं नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे की मी शाळेत गेलेली नाही. माझी शाळा आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरायची. शिकवायला आई, आणि वर्गात आम्ही भावंडं. आईचा एक नियम होता. धडा वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि काय समजलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. सांगता आलं नाही तर समजलं नाही, पुन्हा वाचा. त्या टेबलाबाहेर अनोळखी माणसाशी कसं बोलायचं, याचा धडा मात्र आईनं घेतला नव्हता.

पहिल्याच घरी मी रस्त्याकडची घंटा वाजवली, दार उघडताच नमस्कार केला आणि त्याच दमात कागद पुढे धरला. त्या बाई म्हणाल्या, "मुली, तू कर वसूल करायला आलीयस का धर्मप्रचाराला?" मी म्हटलं, "दोन्ही नाही." "मग मला वेळ नाही," म्हणून त्यांनी दार लावलं. त्या आज इथे आहेत. मला बघून हसताहेत. नाव घेत नाही.

मिस आयडेल खाली गाडीत बसून हे सगळं बघत होत्या. मी परत आल्यावर त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरी, आपल्या गावात रस्त्याकडच्या दारानं कोण येतं? पोस्टमन, नाहीतर वाईट बातमी. आपण समुद्राकडनं जायचं, वाळूतनं, जोडे हातात घेऊन. ओसरीच्या पायरीवर बसायचं. बोलावल्याशिवाय वर जायचं नाही. आणि पहिल्या भेटीत कागद पिशवीतून बाहेर काढायचा नाही."

मी विचारलं, "मग पहिल्या भेटीत काय करायचं?"

"पाय वाळवायचे," त्या म्हणाल्या.

त्या हिवाळ्यात मी पुष्कळ पाय वाळवले. ओसऱ्यांवर बसून लोकांच्या सुनांबद्दल, गुडघ्यांबद्दल आणि कुत्र्यांबद्दल ऐकलं. बर्फ घातलेला गोड चहा इतका प्यायले की स्वप्नातही ग्लासातला बर्फ वाजायचा. कुणी विचारायचं, "अंगणात सार्वजनिक संडास बांधाल का?" कुणी विचारायचं, "उन्हाळी पाहुणे माझ्या दारासमोर छत्र्या रोवतील का?" मिस आयडेल प्रत्येकाला खरं तेच सांगायच्या. माहीत नसलं तर "माहीत नाही" म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी विचारून यायच्या. सह्या होत गेल्या. शेवटी एकच घर राहिलं.

कॅप्टन एल्वुड स्टायरन तिसऱ्या रांगेत खिडकीपाशी बसले आहेत. ही गोष्ट सांगायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे. ते म्हणाले, "सांग, पण मला चांगला माणूस वगैरे करू नकोस."

कॅप्टन आयुष्यभर कोळंबीच्या बोटीवर होते. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळं गाव मिस लॉटी म्हणायचं, ओसरीवरच्या खुर्चीत बसून बोटीची वाट बघायच्या. त्या गेल्यापासून कॅप्टन रोज त्या खुर्चीत बसतात. सहीचा विषय निघाला की ते म्हणायचे, "वाळू आणा, नाहीतर डोंगर आणा, माझं म्हणणं एकच. या खुर्चीतून लाट फुटताना दिसली पाहिजे."

आता इथे एक गोंधळ झाला होता. गावाच्या एका बैठकीत कुणीतरी कॅप्टनना सांगून टाकलं होतं की बांध तुमच्या ओसरीच्या कठड्याच्या पायाशी येईल, काळजी करू नका. कुणी सांगितलं ते आम्ही शोधलं नाही, नगराध्यक्षसाहेब. आपण चुळबूळ करू नये.

सहीचा दिवस ठरला. ओसरीवर नगराध्यक्ष उभे होते, नगरपरिषदेचे वकील होते, मिस आयडेल पायरीवर होत्या. वाळूचं जहाज आदल्याच दिवशी क्षितिजावर येऊन थांबलं होतं, तेही दिसत होतं. कागद वाचून दाखवण्याचं काम माझं. मी वाचला. कॅप्टननी पेन हातात घेतलं. आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कॅप्टन, काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगता का?"

नगराध्यक्ष म्हणाले, "टॅबिथा, तुला वाचायला सांगितलं होतं, शिकवणी घ्यायला नाही."

कॅप्टन म्हणाले, "राहू दे, सांगतो की. तुम्ही माझ्यासमोर वाळू टाकणार, तिच्यावर गवत लावणार, आणि बांध येणार कठड्याच्या पायाशी. मी इथं बसलो की वरनं मला लाट दिसणार."

नकाशा माझ्या मांडीवर होता. त्यात बांधाचा माथा कठड्याच्या वर होता. मला खूप भीती वाटली. गप्प बसले असते तर सही झाली असती आणि जहाज कामाला लागलं असतं. गावातली किती माणसं त्या सहीकडे डोळे लावून होती हे मला माहीत होतं, आमचंही घर किनाऱ्यापासून लांब नाही. मी म्हटलं, "नाही कॅप्टन. बांध कठड्याहून उंच आहे. खुर्चीतून लाट दिसणार नाही."

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मग मिस आयडेल पायरीवरून उठल्या, वर आल्या आणि हात पुढे करून म्हणाल्या, "एल्वुड, पेन दे इकडे."

"अगं, मी अजून नाही म्हटलंय कुठं?" कॅप्टन म्हणाले.

"ते तू नंतर म्हण. कशावर सही करतोयस ते आधी बघ."

त्यांनी मोजणीवाल्यांची उंच काठी मागवली, टोकाला लाल फडकं बांधलं आणि बांधाचा माथा जिथे येणार तिथे वाळूत रोवून घेतली. कॅप्टन खुर्चीत बसले. फडक्याच्या वर आकाश होतं आणि लाटा सगळ्या खाली, म्हणजे बांधाआड जाणाऱ्या. कॅप्टन बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "माझं सगळं आयुष्य त्या पाण्यावर गेलं. तिथून मी ही ओसरी बघायचो. इथून लॉटीला काय दिसायचं ते मला माहीतच नव्हतं. आता कुठं बघायला लागलोय. ते नका नेऊ." आणि त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला.

आम्ही उतरून रस्त्यावर आलो. नगराध्यक्ष जे बोलले ते मी सांगणार नाही, कारण ते आज अध्यक्ष आहेत आणि हॉलमध्ये मुलं आहेत. मी मिस आयडेलना म्हटलं, "माझ्यामुळे गाव बुडालं." त्या म्हणाल्या, "पोरी, फसवून घेतलेली सही वाळूपेक्षा लवकर वाहून जाते. घरी जा, जेव. उद्या जोडे काढून ये."

दुसऱ्या दिवशी आम्ही वाळूतून गेलो. कागद नव्हता, तळलेली कोंबडी होती. मिस आयडेल पायरीवर बसल्या, पाय वाळवले आणि बोलावणं आल्यावर वर गेल्या. काठी अजून तिथेच होती. त्या लॉटींच्या खुर्चीच्या शेजारी उभ्या राहिल्या, मग हळूच वाकल्या, पुन्हा उभ्या राहिल्या.

कॅप्टन म्हणाले, "आयडेल, कंबर धरलीय का तुझी?"

"उभं राहिलं की लाट दिसतेय, एल्वुड. बसलं की जातेय."

"मग मी काय दिवसभर पहाऱ्यावर उभा राहू?"

"तू नको. खुर्ची उभी राहील. ऊठ, ते मासळीचे खोके आण."

खोक्यांवर फळी टाकली, फळीवर खुर्ची ठेवली. कॅप्टन माझ्या खांद्याचा आधार घेत वर चढले, बसले आणि लाल फडक्याच्या वरून समुद्राकडे बघत राहिले. लाट आली, फुटली. मी खालून विचारलं, "दिसली का?" ते म्हणाले, "दिसली. पण रोज हे माकडासारखं चढायचं का?"

त्या शनिवारी अग्निशमन दलाचे जवान आपापली लाकडं आणि करवती घेऊन आले आणि ओसरीवर रुंद चौथरा बांधला, वर जायला उतार, धरायला कठडा. हे गावाच्या कामात बसतं की सहीसाठी दिलेलं आमिष ठरतं, अशी मला शंका आली. मी वकिलांना फोन केला. ते म्हणाले, "शेजाऱ्यांनी शेजाऱ्याचं काम केलं. टॅबिथा, झोप आता." संध्याकाळी कॅप्टन चौथऱ्यावर खुर्चीत बसले, कागद पुन्हा वाचून घेतला, मी विचारायच्या आधीच काय समजलं ते आपल्या शब्दांत सांगितलं आणि म्हणाले, "आयडेल, पेन दे इकडे."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. वाळू आली, गवत लागलं, कासवंही आली. गेल्या शरद ऋतूतल्या वादळात समुद्र बांधापर्यंत आला आणि परत गेला. आपण त्या रात्री आपापल्या अंथरुणात होतो. मला वाटतं, मिस आयडेलचं खरं मानपत्र तेच आहे.

आता एक शेवटचं. निवृत्त होणाऱ्याला डुलती खुर्ची द्यायची आपली पद्धत आहे. मिस आयडेलनी बजावलं होतं की भेटवस्तू आणलीत तर मी येणार नाही. तरी ती आणली आहे, या पडद्यामागे आहे. कॅप्टननी स्वतः बनवली आहे. दोन आठवड्यांपूर्वी ते कचेरीत आले आणि मला विचारलं, "आयडेल बसली की तिचे डोळे साधारण कुठं येतात गं?" मी म्हटलं, "कशाला?" ते म्हणाले, "चौथऱ्यावर जागा आहे अजून. लॉटीनं एकटीनं बसून खूप वाट बघितली. तिच्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही, पण शेजारी कुणी बसलं तर तिलाही बरं वाटेल. तो समुद्र एकट्यानं बघायचा नाही."

तेव्हा मिस आयडेल, ही खुर्ची तुमच्या घरी पोहोचवली जाणार नाही. ती ज्या ओसरीवर जाणार आहे तिथून लाट दिसते, मी बसून बघितली आहे. याहून जास्त काही म्हणायचा मला अधिकार नाही, आणि हॉलमधल्या कुणीही म्हणू नये, विशेषतः मागच्या रांगेनं.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, नगराध्यक्षांनी एकदाही घड्याळ दाखवलं नाही, महिला मंडळानं मक्याची भजी अजून गरम ठेवली आहेत, या सगळ्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात कुणाचा मान कमीजास्त झाला असेल, कुणाचं नाव सुटलं असेल किंवा कुणाचं उगाच घेतलं गेलं असेल, तर घरच्या टेबलावर शिकलेल्या मुलीला मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं.

आणि मिस आयडेल, मी आत्ता जे सांगितलं त्यातून काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगायला मी तुम्हाला इथे उभं करणार नाही. ते कॅप्टनना सांगा. आजच सांगा असंही नाही. पहिल्या भेटीत फक्त पाय वाळवायचे असतात, हे मला तुम्हीच शिकवलंत.