मार्चपर्यंत थांबायचं का?

बहरीनमधल्या हूरा भागातल्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसले होते. मी इथे आले तेव्हा घराबाहेर मराठी कानावर पडायला महिने जायचे. अजूनही कुठे ऐकू आली की कान तिकडेच लागतात. शेजारच्या बाकावर बापलेक होते.

"बाबा, अमेरिकेतल्या त्या कॉलेजला नोव्हेंबरमध्येच अर्ज केला तर चान्स जास्त आहे."

"मग कर गो, यल्ला! वाट कसली बघतेस?"

"पण ते बाइंडिंग असतं. त्यांनी घेतलं की तिथेच जायचं, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे."

"आणि फीला मदत?"

"देतात. फारच कमी दिली तर नाही म्हणता येतं. पण दुसरीकडे जास्त मिळाली असती का, ते कधीच कळणार नाही."

"आणि घाई नाही केली तर?"

"मार्चमध्ये सगळ्यांची उत्तरं येतील, ताडून बघता येईल. पण हे कॉलेज हातचं जाऊ शकतं. तुम्ही तरी कुठे ताडून बघितलंत? एसीच्या कामाच्या नोकरीचा एक कागद आला, सही केलीत आणि इथे आलात. चांगलंच झालं ना?"

"चांगलंच झालं. या देशाने आपल्याला घर दिलं, तुला शाळा दिली. मी रोज हात जोडतो. पण माझ्याकडे दुसरा कागदच नव्हता, मृणाली."

"म्हणजे थांबू?"

"थांब. तुझ्याकडे चार येऊ देत."

"आणि हे कॉलेज गेलं तर?"

"तर माझ्यावर ओरड. पण आपल्या घरातलं कुणी निवड करताना कसं दिसतं, ते मला एकदा बघू दे."