खाणीवरचं तण

दवाखान्याच्या बाकावर सासरे कंबर धरून बसले होते, शेजारी सून. नंबर पुकारणाऱ्या कंपाउंडरचे कान तिकडेच.

"मामंजी, एवढी कशानं धरली कंबर?"

"तुझ्याच कामानं! खडीच्या बंद खाणीवर तू कुरण करतेयस ना? तू माहेरी गेलीस तेवढ्यात सगळं तण उपटलं."

"कसलं तण?"

"ते वाळकं, कुसळांचं गवत. पिवळ्या फुलांची हिरवीगार झुडपं ठेवली हं!"

"अहो, तण ती झुडपं होती. गवत मी पेरलेलं, इथलं मूळचं. तीन वर्षं लागली जीव धरायला."

"अरे देवा!"

"उपटलेलं कुठंय? निदान बी झाडून घेते."

"आपला नंबर आला वाटतं!"

"मामंजी?"

"जाळलं गं. पुन्हा उगवू नये म्हणून."

कंपाउंडर पुढचा नंबर पुकारायचा विसरला.