जिन्याखालचा ड्रम

—नाय हो ताई, जिन्याखाली काय नाय बगण्यासारखं, नुसतं भंगार हाय तिथं—जुना कूलर, फुटक्या बादल्या, आमच्या ह्यांची सायकल. ते गेल्यापासनं तशीच पडली हाय. तुम्ही आधी गच्ची बगा. मलेरियाच्या ताई आल्या की आधी गच्चीच बगतात, मला ठावं हाय. मागच्या महिन्यात तुम्हीच आलता ना, हीच बॅटरी, हीच फाईल? ही बगा, दारावर तुम्ही खडूनं टाकलेली तारीख, अजून पुसली नाय मी. आज मधीच कशा काय—हां. कळलं. वरच्या लेकराचं नाव आलं असंल तुमच्याकडं दवाखान्यातून. संस्कृती. डेंगूच निघाला म्हणे. वर माझी भाडेकरीण राहती ना विशाखा, तिची पोर, चौथीत हाय. आज सहावा दिवस तापाचा. बसा ना. पाणी देऊ? अर्धाच गिलास देते, राग मानू नका, लागलं तर अजून देते—पण उरलेलं पाणी मोरीत ओतायचं म्हणलं की माझ्या जिवावर येतं. आठव्या दिवशी नळ येतो बाई आपल्याकडं, पाण्याची किंमत मला विचारा.

आता तुम्हाला वाटंल, म्हातारी कंजूष हाय. वाटू द्या, अख्खी गल्ली म्हणती. पण त्याच गल्लीनं मला विहारात बोलावून शाल घातली, तेबी ऐका. महिला मंडळाचा कार्यक्रम होता, विषय काय, तर पर्यावरण आन् घरखर्च. रत्नमालाताई म्हणल्या, लीलाबाई, तुम्हीच बोला, तुमच्यावाणी जगतं कोण? मग बोलले की, चांगली अर्धा तास बोलले. जुन्या लुगड्यांच्या पिशव्या, भाजीचा कचरा कुंडीत, वाळल्या लिंबाच्या सालीनं भांडी, तांदूळ धुतल्यालं पाणी कढीपत्त्याला, डाळ आधी भिजत घातली की गॅस कमी जळतो—बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या, पण लिहूनबी घेत होत्या. माझी गॅसची टाकी तीन महिने जाती, खोटं नाय सांगत. पैसाबी वाचतो आन् धरतीबी वाचती, म्हणलं, दोन्ही हातांत लाडू! लई टाळ्या पडल्या. मग फोटो काढला, तो तिकडं भिंतीवर हाय. मागं वांगी, कढीपत्ता, दोडका, सगळं घरचं. चला, दाखवते—झाडांना पाणी कुठलं घालते?

ते... फिल्टरचं. आता घरोघरी भिंतीवर पाण्याचं फिल्टर लटकलेलं असतं ना, ते एक गिलास चांगलं पाणी देतं आन् दोन गिलास मागच्या नळीनं सोडून देतं. मोरीत! डोळ्यांदेखत! माझा जीव तीळ-तीळ तुटायचा. मग मी नळी लांब केली आन् ते पाणी धरलं. विशाखाच्या फिल्टरची नळीबी खाली घेतली. कशात धरलं? बादलीत. बादलीत म्हणजे—एका मोठ्या भांड्यात. स्वच्छ पाणी हो, तळ दिसंल असं. डास व्हतात गटारात, डबक्यात, घाणीत; स्वच्छ पाण्यात कुठले आलेत डास, असंच मी समजून चालले. तुम्ही मागच्या खेपेला सांगितलं खरं, की ह्या डेंगूच्या डासाला साठलेलं स्वच्छ पाणीच लागतं, आठवड्यातनं एक दिवस सगळं ओतून भांडी कोरडी ठिवा. कोरडा दिवस! तुमच्या पाठीमागं मी हसले, ताई. आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात ही पोरगी म्हणती साठवलेलं पाणी ओता! मग तुम्ही म्हणलात, बरं, ओतू नका, औषध टाकते. तर मी काय म्हणले? विषारी काय माझ्या घरात चालत नाय म्हणले. कशी ताठ उभी होते बगा दारात.

तेवढ्यावर थांबले असते तरी—पण नाय. विशाखानं ते डास मारायचं मशीन आणलं होतं, भिंतीत खोचायचं, लाल दिवा लागतो ते. रातध्याड चालू. आन् मीटर आमचं एकच, वरचं-खालचं मिळून. मी वर गेले, ते उपसलं आन् तिच्या हातात दिलं. म्हणलं, विशाखा, हा वास लेकराच्या छातीत जातो, वीज जळती ती येगळीच, त्यापरीस संध्याकाळी कडुलिंबाचा पाला जाळ. ती गरीब गाय, काय बोलती? व्हय मावशी म्हणली. नवरा तिचा, राजेंद्र, पैठणला एसटीवर ड्रायव्हर, दोन-तीन दिवसांआड घरी येतो. घरमालकिणीशी वाकडं घेऊन ती जाती कुठं? आन् खरं सांगू? तोंडानं मी छाती म्हणले, मनात माझ्या बिलच होतं. पर्यावरण म्हणलं की कंजुषीलाबी इज्जत येती, ताई. पोरगी शाळेतून आली की त्या जिन्यात बसायची अभ्यासाला, खालून तिसऱ्या पायरीवर. वरची खोली तापती, आन् भर दुपारचा पंखा लावू नका, हेबी माझंच. जिन्यात गार वाटतं म्हणायची. मला इथूनच पाढे म्हणून दाखवायची. सतराचा चुकायची हमखास, आन् मी नाय ओरडले की स्वतःच ओरडायची, आजी, चुकलं की, लक्ष कुठं हाय तुमचं! गार तर लागंलच ना. खाली पाणी होतं.

काय बगता अशा? व्हय. हाय. जिन्याखाली ड्रम हाय. निळा, दोनशे लिटरचा, भंगाराच्या मागं. तिथल्या जाळीच्या दाराला कुलूप हाय, आन् किल्ली माझ्या लेकाकडं, अभयकडं पुण्याला राहिली असं जे मी तुम्हाला मागं सांगितलं ना, ते साफ खोटं होतं. किल्ली ही बगा, कनवटीला. तेव्हाबी इथंच होती. तुम्ही दारात उभ्या आन् ती मला टोचत होती. पाण्याला कुलूप लावणं काय नवं नाय, तुम्ही घरोघर फिरता, तुम्हाला ठावं हाय. उन्हाळ्यात कळशीभर पाण्यावरनं डोकी फुटतात. पण तुमच्यापासनं लपवलं ते चोरीच्या भ्यानं नाय. तुम्ही ओतून दिलं असतं. दोनशे लिटर, एका झटक्यात. मला बघवलं नसतं, दुसरं काय.

झाकण? झाकण होतं की, आधी. मग नळ्या आत सोडायच्या म्हणून अर्धं सरकवलं, वर गोणपाट टाकलं. आन् ऐका—हे मी कुणाजवळच बोलले नाय, अभयजवळ नाय, कुणाजवळ नाय—तुम्ही येऊन गेल्यावर चार दिवसांनी मी पाणी काढायला गेले, तर तांब्यात वळवळ. केसाएवढ्या बारीक, उलट्या टांगलेल्या, तांब्या हलवला की खाली बुडी मारायच्या. मला कळलं नाय असं कसं म्हणू? तुम्ही इथंच उभं राहून तुमच्या बाटलीत डासाच्या ह्याच अळ्या दाखवल्या होत्या ना! त्याच वक्ताला ड्रम लवंडायला पायजे होता. पण मी काय केलं? लुगड्याचं फडकं आणलं आन् पाणी गाळलं. तांब्या-तांब्यानं, वरचं वरचं, आन् वांग्यांना घातलं. फडकं उन्हात झटकलं. म्हणलं झालं, किडेबी गेले, पाणीबी वाचलं, माझ्यावाणी हुशार मीच. तळापर्यंत कोण गाळत बसंल—निम्मा ड्रम तसाच राहिला, आन् वरून दोन्ही नळ्यांची धार चालूच. त्याला पंधरा-वीस दिवस झाले असतील. आन् लेकरू तापलं.

आता डास काय नाव-पत्ता सांगून चावतो का? शाळेत चावला असंल. रस्त्यात चावला असंल. तिकडं कोपऱ्यावर टायरवाल्याकडं टायरांत पाणी असतं, तिथं बगितलं का तुम्ही? बगा, आधी तिथं बगा. मी रोज उठून हेच घोकते—शाळेत चावला, टायरांतला चावला. तुम्ही सांगा ना, तुम्हाला शिकवलेलं असतं. एकदा म्हणा, लीलाबाई, तुमच्या ड्रमातलाच असंल असं काय नाय म्हणून. म्हणा की. नुसतं फाईलीत काय लिहिता?

बरं, लिहा. विशाखा रोज ह्या टायमाला दवाखान्यातून येती, अंघोळ करती, डबा करती आन् परत जाती. राजेंद्र रजा टाकून तिथंच बसलाय. परवा ती माझ्या दारात आली, डोळे सुजलेले. मला वाटलं, कळलं हिला. आता भांडंल, शिव्या देईल. देवो, म्हणलं, सुटेन तरी एकदाची. तर म्हणती कशी, मावशी, पेशी तीस हजारावर आल्यात, बायका म्हणतात पपईच्या पानाचा रस द्या, तुमच्या मागं पपई हाय ना, दोन पानं देता का? पपई, ताई! त्याच ड्रमाच्या पाण्यावर वाढलेली. मी पानं तोडली, धुतली, वाटली, गाळून वाटीत दिली. तिनं वाटी घेतली आन् वाकून माझ्या पायाला हात लावला. तुम्ही होत्या म्हणून, मावशी, म्हणली. तोंडाशी आलं होतं माझ्या. अगदी जिभेवर आलं होतं. आन् मी काय म्हणले ठावं हाय? असू दे गं, म्हणले, दारात झाडं लावली की अशी अडीनडीला कामी येतात. भाषण दिलं! तिचं लेकरू तिकडं सलाईनवर आन् मी दारात उभी राहून झाडाचं महत्त्व सांगितलं तिला! थू माझ्या जिंदगीवर. काल परत आली, काल परत दिला रस. पेशी काल बावीस हजार.

आन् ड्रम अजून भरलेलाच हाय. लेकरू तापलं त्याच दिवशी ओतायला गेले होते, आडवा करायला हातबी लावला. मग वाटलं, दोनशे लिटर पाणी फाटकातून रस्त्यावर गेलं की गल्ली विचारंल, लीलाबाई पाणी ओतती म्हणजे काय झालं काय? एकाचं दोघांना कळलं की सगळं बाहेर येईल. म्हणून नाय ओतला. आधी पाण्यापायी नाय ओतला, मग अब्रूपायी नाय ओतला. आन् थांबा, हे तुमच्या फाईलीत लिहा आधी—विहारात ज्या बायांनी माझं भाषण लिहून घेतलं, त्यांना ही फिल्टरची युक्तीबी मीच सांगितली होती, त्यांनीबी नळ्या लांब करून ड्रम भरलेत. रत्नमालाताईंकडं मोरीमागं हाय, सुलेखाकडं गच्चीवर, लक्ष्मीबाईंनी तर दोन ठिवलेत. सगळी मिळून अकरा घरं हायत, मी सांगते नावं. तिथंबी लेकरं हायत, ताई. मी फोन करायला पायजे होता त्यांना, सहा दिवस झाले, फोन हातात घेते आन् ठिवते.

घ्या किल्ली. घ्या म्हणते ना, माझ्या हातानं ते कुलूप उघडायचं नाय. तो कूलर सरकवा, सायकल राहू द्या. हां. काढा ते गोणपाट. बॅटरी मारा आत—

अगं बया.

—थांबा, लवंडू नका. पाण्यासाठी नाय म्हणत हो, आग लागो त्या पाण्याला! फाटक वाजलं, ऐकलं का? विशाखा आली. पानं न्यायला आली असंल. नाय, तुम्ही नका सांगू तिला. तुम्ही सांगितलं तर ते सरकारी व्हईल, कागदावरचं व्हईल, आन् मी परत मागं उभी राहून मान हलवीन, मला ठावं हाय माझं. तुम्ही जा. त्या टायरवाल्याकडं जा नायतर रत्नमालाताईंकडं जा, पण इथून जा आता, दहा मिनटांनी येऊन करा काय करायचं ते, माझ्या नावावर लिहा काय लिहायचं ते. मागच्या दारानं जा, कडी काढलेली हाय.

—विशाखा! इकडं, जिन्याखाली. पानं राहू दे गं बाई आज. आधी इथं ये. ह्यात वाकून बग.