एमसी तांब्याचे ओरखडे

गोंद. — विजेवर चालणारी स्कूटर. — फलटणमधलं एक मंगल कार्यालय, लग्नाची तारीख नसलेलं. — भाड्याची बेलबॉटम. — केसाएवढा बारीक ब्रश. — मागच्या रांगेतली एक शिट्टी.

लागलं काही हाताला? नाही ना! मग मंडळी, ऐका. आजचा प्रश्न एवढाच — आपल्याला जुनं आवडतं, की जुनं दिसलेलं आवडतं? लगेच माना डोलवू नका! आधी आख्यान होऊ द्या.

तर फलटणला मुरलीधर तांबट नावाचे फोटोग्राफर. स्टँडसमोर स्टुडिओ. पूर्वी रोल धुवायचे, निगेटिव्हवरचे डाग ब्रशनं भरून काढायचे. मुलीचे वडील यायचे — "तांबट, हनुवटीवरचा तेवढा व्रण घालवा, स्थळाला पाठवायचाय!" घालवायचे! आता तेच काम संगणकावर. धूळ काढ, ओरखडा काढ. तुमच्या-आमच्या मनाचे सोडले, तर गावातले सगळे डाग काढले त्यांनी!

त्यांचा मुलगा पुष्कर. रॅप करतो. रॅपमधलं नाव काय? — एमसी तांब्या! आडनाव तांबट, म्हणून तांब्या. हसू नका! लोटेकर असता तर काय केलं असतं?

त्याचं पहिलंवहिलं गाणं —

कॅसेट उलटव, राणी, साईड बी लाव,
माझ्या जुन्या प्रेमाला नवा दे भाव!

गुरव, तुमची पेटी ठेवा खाली! याला सूर लागत नाही. केवढी सोय! सूरच नाही, तर बेसूर कोण म्हणणार? आणि म्हणे जुनं प्रेम! पोरगा बाविशीचा! कॅसेट त्यानं पाहिली ती बापाच्या दुकानात, डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली.

पण व्हिडिओ कसा? तर ऐंशी सालचा! बेलबॉटम, लांब कल्ले, चिकटवलेली मिशी. कॅमेरा मात्र कोराकरकरीत, माशीच्या पायावरची लव दिसेल असा. आणि मग त्या स्वच्छ चित्रावर ओरखडे पाडायला पुण्याचा माणूस बसवला! त्यानं धूळ टाकली. रंग उडवले. चित्र थरथरवलं. म्हणजे बाप जन्मभर पुसतोय, मुलगा माणूस लावून पाडतोय — यालाच प्रगती म्हणतात, मंडळी!

लाँच ठरलं मंगल कार्यालयात. मुंबईहून म्युझिक कंपनीचे साहेब येणार. त्यांना आवडलं तर पुढच्या गाण्याचा करार. पोराचं सगळं त्या एका संध्याकाळवर! सकाळी त्यानं पेन ड्राइव्ह वडिलांना दिला.

"बाबा, प्रोजेक्टर तुम्ही लावा. आणि हे नीट चालतंय का, तेवढं बघून ठेवा."

दुपारी तांबटांनी बघितलं — "अरे देवा! पोराची फिल्म कुणी वाया घालवली?" फोन लावला. पोरगा मेकअपला बसलेला, उचलतोय कुठला! मग तांबटांनी काय केलं? जे येतं तेच! शटर अर्धं ओढलं, चष्मा चढवला. जेवणाचा डबा उघडलाच नाही. धूळ पुसली, रंग भरले, थरथर थांबवली. संध्याकाळी व्हिडिओ कसा? — आरशासारखा लख्ख!

हॉलमधले दिवे मालवले. पडदा उजळला. एमसी तांब्या स्कूटरवरून आले — आणि सगळं दिसलं हो! मिशीखालचा गोंद दिसला. भाड्याच्या बेलबॉटमला लटकणारी दुकानाची चिठ्ठी दिसली. ऐंशी सालच्या स्कूटरची चार्जिंगची वायर दिसली! मागून शिट्टी — "ए तांब्या, मिशी धर, पडतीय!" हॉल लोळायला लागला. साहेब तोंडाला रुमाल लावून उठले. "येतो. मला पुढं पोचायचंय."

पुष्कर धावत प्रोजेक्टरपाशी.

"बाबा! काय केलंत हे?"

"अरे, फिल्म पार खराब होऊन आली होती. म्हणून मी —"

"ते मुद्दाम होतं! रेट्रो होतं ते! तुम्हाला कळतं का काही?"

"तुझा चेहराच दिसत नव्हता रे."

"नव्हताच दाखवायचा!"

एवढं बोलला आणि वळून पडद्याकडे बघायला लागला. आपलंच वाक्य आपल्याच कानावर पडलं असावं. बापानं पेन ड्राइव्ह काढून त्याच्या तळहातावर ठेवला.

"मूळ आहे तसंच ठेवलंय यात. आम्ही निगेटिव्ह फेकत नाही."

पुढं काय? पुष्करनं ओरखड्यांचाच व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. चालला! धो धो चालला! साहेबांचा फोन आला, करार झाला. तुम्हाला काय वाटलं, पोरगा बापाच्या पाया पडला? सिनेमा कमी बघा!

आणि ती लख्ख प्रत? ती स्टुडिओतल्या टीव्हीवर चालू असते, आवाज बंद करून. पासपोर्टच्या फोटोला आलेलं गिऱ्हाईक विचारतं, "कोण हो हा?" तांबट म्हणतात, "माझा मुलगा. बघा, किती स्पष्ट आलाय."

आता तुमच्याकडे वळू! पहिल्या रांगेतल्या ताई, फार हसलात! परवा मोबाईलवर आईचा फोटो काळा-पांढरा करून टाकलात, खाली लिहिलंत — 'ते दिवस गेले.' दिवस गेले असतील, आई शेजारच्या खोलीत होती! चहा विचारलात का तिला? आणि काका, तुमचा ग्रामोफोन दिवाणखान्यात, वडील गॅलरीत! काळ आपल्याला हवाच असतो हो. त्या काळातली माणसं तेवढी अडचण करतात — खोकतात, प्रश्न विचारतात, मध्येच काहीतरी दुरुस्त करून ठेवतात!

चला, देवाचं नाव घ्या मोठ्यानं. आणि घरी गेल्यावर तोंड दाखवा कुणाला तरी.

पुष्करच्या बारशाचा रोल तांबटांच्या हातून धुताना खराब झाला होता. त्या दिवसाचा एकही फोटो घरात नाही.