डागाला आठ ओळी

...आणि माहितीचं कार्ड कशावर, तर डागावर. सतरंजीवर नाही हो, सतरंजीवरच्या कॉफीच्या डागावर. तुम्हाला सांगते, आठ ओळी. मी मोजल्या. "हा डाग चित्रकाराच्या आयुष्यातील एका निर्णायक सकाळीचा साक्षीदार आहे" इथपासून सुरुवात, मग त्या सकाळी त्यांनी तळ्याचं ते मोठं चित्र कसं पुरं केलं, हात कसा थरथरला, कप कसा सुटला, सगळं साग्रसंगीत, आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरात, "सतरंजी: विणणारी अज्ञात." अज्ञात कोण? माझी आई. लेम्पी हुत्तुनेन. सत्तावीस वर्षं त्याच तळ्याच्या पलीकडच्या काठाला राहिली, आठवड्यातून तीनदा होडी वल्हवत येऊन त्या घराच्या फरश्या पुसल्या, ती अज्ञात, आणि डागाचं मात्र चरित्र.

मी काही बोलणार नव्हते. खरंच सांगते.

मुळात मला जायचंच नव्हतं. हे सगळं माझ्या नणंदेचं, आउनेचं खूळ. गावच्या महिला मंडळाची उन्हाळी सहल, एका दिवसात एक प्रदर्शन, एक हवेली आणि एका चित्रकाराचं घर. "चल गं वहिनी, मनाचा विस्तार होतो." मी म्हटलं, कंबरेचा झालाय तेवढा पुरे. पण बस निघाली आणि मी बसमध्ये होते, आउनेशी वाद घालायचा म्हणजे थर्मासच्या झाकणाशी वाद घालण्यासारखं, फिरतच राहतं.

प्रदर्शनात काय, तर मधोमध जळणाच्या लाकडांची रास. नुसती रास. नाव, "आजोबांचं मौन." काळे कपडे घातलेली एक बाई हळूच जवळ आली, "तुम्हाला यातून काय जाणवतं?" मी म्हटलं, "जाणवतं की वरच्या थराची साल खाली केलीय, एका पावसात सगळी रास भिजेल, आणि आजोबा जानेवारीत गारठतील." बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. हवेलीत तर आणखी मजा. सोळा खुर्च्या आणि सोळांना दोरी. माझे गुडघे दुखतायत, समोर सोळा खुर्च्या, आणि मी उभी. सांगणारा म्हणतो, "दोनशे वर्षं झाली, तरी बघा कशा टिकल्यात." अरे बाबा, बसूच देत नाही म्हटल्यावर टिकतील नाही तर काय करतील? पण मी काही बोलणार नव्हते, आणि बोलले ते फक्त आउनेला, आता तिच्या बाजूला उभे असलेल्या अकरा जणांनी ऐकलं, त्याला मी काय करू.

आणि मग ते चित्रकाराचं घर. तशी मी लहानपणी दारापर्यंत गेले होते, आत कधी नाही. आत गेले, सगळ्या बायका भिंतीवरची चित्रं बघतायत, माझी नजर आपली सवयीनं खाली, फरशी कुणी पुसलीय ते बघायला. तर समोर सतरंजी. चिंध्यांची, आमच्याकडे घरोघरी असते तशीच. पण तिच्यात मधोमध लाल पट्टा. आणि तुम्हाला सांगते, मी तो लगेच ओळखला. कारण तो माझा कोट होता. आठ वर्षांची होते मी. मला तो आणखी एक हिवाळा सहज आला असता, पण आईनं कात्री घेतली आणि फाडून पट्ट्या केल्या, माग लागला होता ना, माग लागला की ती नवऱ्याचीही पट्टी काढेल अशी. मी आठवडाभर तिच्याशी बोलले नव्हते. पन्नास वर्षं त्या पट्ट्या कुठल्या सतरंजीत गेल्या हे मला माहीत नव्हतं, आणि तो हा, माझ्या पायाशी.

वाकले. बोट लावलं. लगेच, "काकू, हात लावू नका." मागे पिन्या. घर दाखवणारी मुलगी, वय वीस, गळ्यात ओळखपत्र. मी म्हटलं, "पोरी, ही माझ्या आईनं विणलीय." तर ती इतकी गोड हसली, म्हणते, "असं पुष्कळांना वाटतं, काकू. त्या काळी सगळ्याच सतरंज्या अशा दिसायच्या."

सगळ्याच.

आता सांगा, इथं कोण गप्प बसेल? पण मी बसले. एक शब्द बोलले नाही. आउनेनं माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहराच उतरला, कारण मी बोलते तेव्हा काही होत नाही, हे तिला चाळीस वर्षांत कळलंय.

आणि त्या डागाचं म्हणाल, तर तो मला तोंडपाठ होता. आई मरेपर्यंत त्याबद्दल बोलायची. चित्रकारानं कप पाडलाच नव्हता, त्याच्या कुत्र्यानं शेपटीनं पाडला. आई ब्रश घेऊन धावली, तर हे महाशय म्हणतात, राहू दे लेम्पी, माझं लक्ष विचलित होतं. मग रोज राहू दे, रोज राहू दे, वर्षं गेली, माणूस गेला, घराला कुलूप लागलं. आई शेवटच्या आजारात अंथरुणावर पडून म्हणायची, "रौनी, लोक म्हणत असतील, हुत्तुनेनबाईची सतरंजी अशी."

बायका कॉफी आणि दालचिनीचे बन खायला अंगणात गेल्या. पिन्याही गेली. तिथल्याच दुकानात "चित्रकाराच्या घरचा पारंपरिक पाइनचा साबण" विकायला होता, तो घेतला, त्यांचाच ब्रश घेतला, पावती आहे माझ्याकडे. सतरंजी गुंडाळली, खांद्यावर टाकली आणि काठावर नेली. तळ्यात नाही धुतली हं, मला नियम कळतात, काठावर सतरंज्या धुवायचं टेबल असतं तिथे. आउने मागून, "वहिनी, तुरुंगात जाशील." मी म्हटलं, "दुसरं टोक धर." आणि धरलंन. सासरच्या माणसांत तेवढं एक आहे.

दोनदा साबण लावला. तिसऱ्यांदा डाग गेला. आणि काय रंग वर आले म्हणून सांगू.

मग पिन्या आली, हातात अर्धा बन. तिनं सतरंजी बघितली, डागाची जागा बघितली, आणि खाली बसली. "काकू," म्हणाली, "आठ ओळी होत्या हो त्यावर." आणि रडायला लागली. मला वाईट वाटलं. ओल्या हातानं तिची पाठ थोपटली, ब्लाउजवर पंजा उमटला.

संचालक शहरातून गाडी घेऊन आले. एस्को नाव, बारीक, चष्मा कपाळावर. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत, आमच्यात कुणी ओरडत नाही, त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि डागाची जागा इंच इंच बघितली. शेवटी म्हणाले, "रौनीबाई, पुरावा काय?" मी पट्टा न् पट्टा वाचून दाखवला. निळा, बापाचा रेल्वेचा सदरा. रेघारेघांचा, आजोबांच्या गादीचं कापड. लाल, मी. "आणि कडेची शिवण उसवा, आत पिवळ्या लोकरीचा एक धागा सापडेल. आईच्या प्रत्येक सतरंजीत आहे. माझ्या घरी तीन आहेत, या बघायला."

उसवली. धागा होता. पुढच्या आठवड्यात भिंग घेऊन घरी आले, तिन्हींच्या शिवणी बघितल्या, तीन कप कॉफी प्याले आणि म्हणाले, "निःसंशय. लेम्पी हुत्तुनेन." माझ्या स्वयंपाकघरात बसून, डॉक्टरेट केलेला माणूस, आईचं अख्खं नाव घेऊन. मी त्यांना चौथा कप ओतला.

नवीन कार्ड झालं. आईचं नाव ठळक. आणि सतरंजी कुठे? तळघरात. कपाटात, कागदात गुंडाळून. का, तर डाग नाही म्हणजे चित्रकाराशी संबंध नाही, आणि घर चित्रकाराचं आहे. मी म्हटलं, मग मला द्या. तर तेही नाही, संग्रहालयाच्या यादीत तिला नंबर पडलाय.

महिन्यानं फोन. एस्कोच. अडखळतच बोलत होते. "रौनीबाई, त्या जागी फरशी फार उघडी दिसते हो. तुमच्या तीनपैकी एक मिळेल का? कार्डावर आईंचंच नाव, त्यांच्याबद्दल आठ ओळी, मी शब्द देतो. फक्त... ती न धुतलेली असावी. लोकांना त्यात जगणं दिसायला हवं."

न धुतलेली. लेम्पी हुत्तुनेनच्या मुलीच्या घरात.

तर सप्टेंबरपासून एक दारात टाकलीय. आता माझ्या घरात बूट घालून आजवर पाद्रीसुद्धा आत आलेला नाही, आणि नवरा, तौनो, चाळीस वर्षं सांगून सांगून शिकवलेला, तो बाहेरून येतो, सतरंजीपाशी थबकतो, माझ्याकडे बघतो आणि बूट काढतो. मी म्हणते घाल, तर म्हणतो, "तुझी तब्येत बरी आहे ना?" मोज्यांनी कुठे जगणं दिसतं? आउनेला सांगितलं, तर ती चवड्यांवर चालत कडेकडेनं जाते. चार महिने झाले, सतरंजी लख्ख.

तेव्हा तुम्ही याल ना, तर कॉफी तयार असते. फक्त दारात बूट काढू नका. आईचं नाव लागायचंय, जरा चिखलातून या.