दुसऱ्या खेपेचे दहा हजार

(पनवेल. खासगी इस्पितळातली खोली. खाटेवर महापालिकेचा निरीक्षक विश्वजीत, उजवा हात बँडेजमध्ये. शेजारी त्याची बायको नीता. दारात भामा, मासळीवाल्या सोनाबाईची मुलगी.)

भामा : तिसरं बोट मी लय शोधलं, साहेब. गटारात कोपरापर्यंत हात घातला. नाय गावलं.

नीता : तुला आत कोणी सोडलं?

भामा : वॉचमनला बोलले, नातलग हाय.

नीता : नातलग. परवा तुझ्या आईने भर बाजारात माझ्या नवऱ्याची तीन बोटं कोयत्याने तोडली. दोन जोडलीत, तीही काळी पडतायत. आणि तू नातलग.

विश्वजीत : नीता, बसू दे तिला.

नीता : काही गरज नाही.

भामा : मी बसाया आले नाय. आय लॉकपमदी हाय. संध्याकाली हवालदार तुमचा जबाब घ्यायला येल. वकील बोलतो, धा वर्सं पन होतील. साहेब, तुमी फकस्त घडलं तेवडं सांगा.

नीता : घडलं काय? हा ड्यूटीवर होता. तिच्याकडे बंदीतल्या प्लास्टिकच्या पिशव्या सापडल्या. याने दंड सांगितला, तिने कोयता घातला. संपलं.

भामा : दंड किती, ते पन बोला ना.

विश्वजीत : दहा हजार. दुसऱ्या वेळेला दहा असतो. मी नाही ठरवत तो.

भामा : पयल्या वेलंचे पाच भराया तिनं कानातलं मोडलं. दिसाला तीनशे सुटतात तिला, सुटले तर.

नीता : मग पिशव्या ठेवायच्या नाहीत. कायदा सगळ्यांना सारखा आहे.

विश्वजीत : त्याच सकाळी हायवेवरच्या मार्टलाही दहाच लावले होते मी.

नीता : ऐकलंस?

विश्वजीत : त्यांचीही दुसरी वेळ. मॅनेजर फोनवर होता. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, कॅशियरला नुसती मानेने खूण केली, देऊन टाक म्हणून. मी पावती फाडतोय आणि बाजूच्या काउंटरवर त्याच पिशव्यांतून सामान देतायत. माझ्यासमोर. तिथून निघालो तेव्हाच डोकं फिरलं होतं माझं.

नीता : हे हवालदाराला सांगायचं काही कारण नाही.

भामा : आनि त्या रागाला आमची पाटी गावली.

नीता : तोंड सांभाळ.

भामा : वहिनी, पंचवीस हजार आणलेत. बाजारातल्या बायांनी जमवले. औषदाला ठेवा.

नीता : तीन बोटांचे पंचवीस हजार? उद्या हा पेन कसं धरणार? शर्टाची बटणं कशी लावणार? उचल ते पैसे. मला बोटं दे.

भामा : काय?

नीता : ऐकलंस तू. हात ठेव टेबलावर.

विश्वजीत : नीता, ती फळांची सुरी खाली ठेव.

नीता : कळू दे तिला कसं वाटतं ते. ठेव हात.

भामा : ह्यो ठेवला.

विश्वजीत : भामा, हात काढ तू.

भामा : साहेब, तुमी मधी पडू नका. वहिनी बरोबर बोलतात. त्याच धा हजारांना त्या मार्टवाल्यानं मान पन वर केली नाय, आमची चूल बंद झाली. बोटं मंजे कसं, सगल्यांना धाच. कापा, वहिनी.

नीता : कापेन. मला घाबरवतेस?

विश्वजीत : नीता, रक्त येतंय. नीता, सोड. सोड ती सुरी.

नीता : मी दाबली नव्हती. मी... खरंच, नुसती टेकवली होती मी.

भामा : आय पन ह्येच बोलते. बोंबील कापत होती, कोयता हातातच होता. तो वर कवा गेला, तिला आठवत नाय.

विश्वजीत : मी पाटीला लाथ मारली, नीता.

नीता : तू गप्प बस.

विश्वजीत : ती म्हणत होती, संध्याकाळपर्यंत थांबा, माल विकते आणि देते. मी थांबलो नाही. लाथ मारली. सगळी कोळंबी गटारात गेली. ती खाली वाकून एका हाताने गोळा करायला लागली, तर मी त्या हातावर बूट ठेवला.

नीता : बूट?

विश्वजीत : दाबून ठेवला. ती ओरडत होती, तरी नाही उचलला. तसाच वाकून पाटी जप्त करायला हात घातला, आणि तेव्हा तिने मारलं.

नीता : मला हे नाही सांगितलंस तू.

विश्वजीत : लाज वाटली.

नीता : नोकरी जाईल तुझी. आणि हे सांगून बोटं परत येणार आहेत का?

विश्वजीत : नाही. तिने तोडली तेही सांगणार आहे मी. तुझी आई सुटणार नाही, भामा.

भामा : नाय सुटली तर नाय. झालं तेवड्याचीच सजा होऊ दे.

विश्वजीत : नीता, तिच्या हाताला कापूस लाव. मग कागद घे. संध्याकाळपर्यंत माझं मन फिरेल, मला माहितीये. आत्ताच लिहू.

नीता : हात पुढे कर, भामा. जरा चुरचुरेल.

भामा : चुरचुरू दे.

नीता : हं, घेतला कागद. सांग.

विश्वजीत : दुपारी बाराच्या सुमारास सोनाबाईंच्या पाटीला लाथ मारली.

नीता : ‘यांनी’ लिहू, की ‘मी’?

विश्वजीत : ‘मी’ लिही.