गोदामात मी एकटाच होतो

चहा पाजता अन् पुन्हा तेच सांगायले लावता. मले आवडत नाही, पण ऐका.

कळमन्यात मी चौकीदार होतो, त्या रिकाम्या गोदामात पोलिसांची ट्रेनिंग होती. आत लपलेल्या बंदूकवाल्याले जिवंत कसं धरावं, हे शिकवून राहिले होते. बंदूकवाला मलेच बनवलं, हाती लाकडी बंदूक दिली.

ट्रेनिंग देणारे वानखेडे साहेब बाहेरून भोंग्यावर म्हणाले, "काका, बंदूक टाका, बाहेर या."

ठरल्याप्रमाणे मी ओरडलो, "येऊन राहिलो, मारू नका." हात वर करून दारात आलो, तर रबराची गोळी मांडीवर बसली.

"काहून मारलं गा?"

"तुम्हीच म्हणाले ना, एकेकाले मारतो म्हणून?" साहेब म्हणाले.

"मी नाही म्हणलो."

"खोटं बोलू नका काका. रेकॉर्डिंग आहे."

त्यांनी मोबाईल लावला. मी "येऊन राहिलो" म्हणत होतो, अन् त्याच वेळी माझ्याच आवाजात कोणी हळूच म्हणत होतं, "या, एकेकाले मारतो."

गोदाम कोपरा न् कोपरा पाहिलं. आत कोणीच नव्हतं.

गोळी झाडणाऱ्या शिपायानं तिथंच माझे पाय धरले. मले खोटारडा म्हणणाऱ्या वानखेडे साहेबानं अजून माफी मागितली नाही.